जात, जातीने आणि झाली

31 जुलै 2024 रोजी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अधिवेशनात डोनाल्ड ट्रम्प यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या आपल्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांच्याविषयी एक शंका जाहीरपणे काढली. तिचा मथितार्थ असा होता: या बाई आजवर भारतीय म्हणून मिरवत होत्या, काही वर्षांपूर्वी त्या एकाएकी कृष्णवर्णीय झाल्या, मग त्या आहेत तरी कोण? दोन महिनेही उलटले नाहीत तोच गायिका जॅनेट जॅक्सन यांनी लंडनच्या 'गार्डियन'ला मुलाखत दिली आणि तीत तोच सूर लागला. हॅरिस काळ्या नसून भारतीय आहेत असे त्यांनी ऐकले होते, आणि वडील गोरे असल्याचेही त्यांच्या कानावर आले होते. वास्तविक वडील डोनाल्ड हॅरिस जमैकात जन्मलेले, आफ्रिकी पूर्वजांचे, स्टॅनफर्डला अर्थशास्त्र शिकवणारे. आई श्यामला गोपालन तमिळ; 1958 साली, एकोणिसाव्या वर्षी, त्या बर्कलीला शिकायला गेल्या. दोघांची गाठ पडली ती कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासमंडळात.

निवडणूक झाली, वाद मागे पडला. मला मात्र त्यातले शब्द अजून सोडवत नाहीत. दुसऱ्याच्या जन्माबद्दल शंका घेताना माणसे कोणते शब्द हाती घेतात, ते कुठून आलेले असतात, आणि हाच प्रश्न मराठीत विचारायचा झाला तर कोणत्या शब्दात विचारता येईल, हे कोडे आपण मिळून सोडवून पाहू.

मराठी वृत्तपत्रांनी त्या काळात हॅरिस यांना 'भारतीय वंशाच्या' म्हटले आणि 'कृष्णवर्णीय'ही म्हटले, पुष्कळदा एकाच वाक्यात. वाचकाला त्यात कसलीही विसंगती जाणवली नाही. याचे कारण शब्दांतच असावे. वंश आपण आईबापांकडून मोजतो, वर्ण डोळ्यांनी पाहतो. दोन निराळी मापे एकमेकांना छेद देत नाहीत. इंग्रजीतला 'रेस' हा शब्द मात्र दोन्ही मापांवर हक्क सांगतो, आणि एका माणसाला एकच खण मिळावा असा त्याचा जुना आग्रह दिसतो.

वंश म्हणजे मुळात वेळू. संस्कृतात हाच अर्थ आधीचा, आणि कुळाचा अर्थ त्यावरून आलेला दिसतो. पेरामागून पेर येत जाते आणि तरी काठी एकच राहते, हे पाहून पूर्वजांनी पिढ्यांना तो शब्द लावला असावा. वेळूवाचक वंश मराठीतून गेलेला नाही, फक्त त्याने वेश बदलला आहे. छपराचा वासा तो हाच, वंश > वांसा > वासा. घर फिरले की घराचे वासेही फिरतात असे आपण म्हणतो तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने आपण वंशाबद्दलच बोलत असतो, आणि ती म्हण बहुधा नातेवाइकांनाच उद्देशून वापरली जाते हा योगायोग मला फार आवडतो. बासरीही याच घरातली.

या वंशाविषयी व्याकरणकारांनी एक सुंदर भेद करून ठेवला आहे. पाणिनीच्या दुसऱ्या अध्यायात संख्यावाचक शब्दाचा वंश्यवाचक शब्दाशी होणारा समास सांगितला आहे, आणि तिथे काशिकाकार, म्हणजे त्यावरचे टीकाकार, वंशाची व्याख्या करताना म्हणतात की वंश दोन वाटांनी चालतो, जन्माने आणि विद्येने. बृहदारण्यक उपनिषदातल्या 'वंश' नावाच्या याद्या बव्हंशी गुरुशिष्यांच्याच आहेत. म्हणजे ज्याच्याकडून शिकलो त्याच्या वंशात मी बसतो, ही कल्पना भाषेत किमान अडीच हजार वर्षे मुरलेली आहे. हॅरिस यांच्या आईने ओळखले होते की ही नवी भूमी आपल्या मुलींना काळ्या मुली म्हणूनच पाहणार. म्हणून त्यांनी मुलींना त्या समाजातच, अभिमानाने वाढवले. पुढे कमला शिकल्या त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. 1867 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या उच्चशिक्षणाचे अग्रगण्य पीठ आहे. काशिकाकारांपुढे हा खटला गेला असता तर त्यांनी जन्मवंश बापाकडून दिला असता, विद्यावंश हॉवर्डकडून दिला असता, आणि आईकडून आलेला तिसरा धागाही नाकारला नसता असे वाटते.

वर्णाकडे वळू. निरुक्तकार यास्काने तो वृ धातूशी जोडला आहे, म्हणजे झाकणे, वेढणे. वरून दिसणारे ते आवरण तो वर्ण. मराठीत त्याचा तद्भव झाला 'वाण'. बियाण्याचे वाण आपण म्हणतो, मालदांडी हे ज्वारीचे वाण. तिथे रंगाचा अर्थ मागे पडून प्रकाराचा अर्थ पुढे आला असावा. संक्रांतीला देतात ते वाण मात्र निराळे, ते वायनातून आलेले दिसते. रंगाचा अर्थ एका म्हणीत शाबूत आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ढवळा म्हणजे धवल, पवळा म्हणजे पोवळ्याच्या रंगाचा. बैलांच्या गोठ्यात ज्याने ही म्हण जन्माला घातली त्याला पक्के ठाऊक होते की शेजाराने रंग बदलत नाही, वागणे बदलते. 'एकाएकी कृष्णवर्णीय झाल्या' या आरोपाला मराठी शेतकऱ्याचे उत्तर इतके जुने आहे.

आता इंग्रजी 'ब्लॅक'. तो ज्या कुळातला मानतात त्याचा मूळ अर्थ जळणे, झळकणे असा आहे. जळून उरले ते काळे, झळकले ते पांढरे. म्हणून जुन्या इंग्रजीत काळ्याचा आणि फिकट-उजळाचा शब्द इतके जवळ येतात की हस्तलिखितांत कोणता अभिप्रेत आहे ते संदर्भावरूनच ठरवावे लागते. कपडा उजळ करणारे 'ब्लीच' त्याच घरातले. आपला 'भर्ग', गायत्री मंत्रातला तेजोवाचक शब्द, याच गोतावळ्यातला असावा असे पुष्कळांनी मानले आहे. जून 2020 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने हा 'ब्लॅक' माणसांसाठी वापरताना मोठ्या अक्षराने लिहायचे ठरवले. रंगाचे विशेषण तिथून एका समाजाचे नाव बनले. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे ही सूक्ष्म पण मोलाची खूण आपल्या बातम्यांत उमटत नाही. 'कृष्णवर्णीय' हा आपला समास रंगापाशीच थांबतो.

'रेस'चे मूळ इटालियन 'रात्सा' आणि त्यामागे बहुधा जुन्या फ्रेंचमधला 'हाराज' असावा, म्हणजे घोड्यांची पैदास करण्याची पागा. कोणी अरबी 'रास' (डोके) सुचवले होते. तीच रास आपल्या जुन्या मोडी कागदांत घोडे आणि बैल मोजताना भेटते, म्हणून ती कल्पना मला मोहवते. पण पागेचे पारडे जड आहे. स्पेनमध्ये कोवारूबियास याने 1611 साली कोश रचला. त्यात 'रासा' या शब्दाखाली आधी येतात डाग देऊन ओळखायचे जातिवंत घोडे, आणि पुढे, माणसांच्या बाबतीत वाईट अर्थाने, ज्यांच्या कुळात मूर किंवा ज्यू रक्त आहे ते. घोड्यात जे भूषण तेच माणसात दूषण, आणि दोन्ही एकाच नोंदीत.

'रासा'चा पोर्तुगीज भाऊ 'कास्ता' आपल्या किनाऱ्यावर उतरला. लॅटिन 'कास्तुस' म्हणजे शुद्ध, त्यावरून हा शब्द आला असे पुष्कळ दिवस सांगत. व्युत्पत्तिकोशकार कोरोमिनास याने त्याचे मूळ गॉथिकमध्ये, पशुपक्ष्यांच्या पिलावळीसाठी असलेल्या शब्दात शोधले. 1563 साली गोव्यात छापलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथात इथल्या जातींसाठी 'कास्ता' आलेला आहे. बापाचा धंदा कोणी सोडत नाही आणि चांभारांची सगळी एक जात, असे त्याचे निरीक्षण होते. पोर्तुगीजांनी हा शब्द आपल्या माणसांनाही लावला. पोर्तुगालहून आलेला तो 'रैनोल', इथेच जन्मलेला पोर्तुगीज आईबापांचा तो 'कास्तिसो', मिश्र तो 'मेस्तिसो'. हा मेस्तिसो लॅटिन 'मिस्केरे'वरून आला, आणि तो आपल्या 'मिश्र'चा सख्खा नातेवाईक. पुढे इंग्रजांनी कास्ताला 'हाफ' जोडून 'हाफ-कास्ट' केले आणि जगभर शिवी म्हणून फिरवले. अर्धे कशाचे आणि पुरे कोण, हे त्या समासात गृहीत धरलेले आहे.

खण एकच आणि माणूस मात्र दोन वाटांनी आलेला, अशी अडचण झाली की कधी न्यायालयाला शब्दार्थ ठरवावा लागतो. 1790 च्या अमेरिकी कायद्याने परदेशात जन्मलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं'साठी खुले ठेवले होते. नोव्हेंबर 1922 मध्ये जपानी ओझावा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोरा म्हणजे कॉकेशियन. मग पंजाबचे भगतसिंग थिंड पुढे आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांचे म्हणणे, आम्ही उच्चवर्णीय आर्य, शास्त्रज्ञांच्या वर्गवारीत कॉकेशियन, म्हणून गोरे. 19 फेब्रुवारी 1923 रोजी त्याच न्यायालयाने निकाल दिला की शास्त्र काहीही म्हणो, 'गोरा' शब्दाचा अर्थ सामान्य माणूस समजतो तोच. तीन महिन्यांत व्याख्या उलटली. खुद्द 'कॉकेशियन' हे नाव तरी कसे पडले? ब्लूमेनबाख या जर्मन पंडिताने 1795 साली जॉर्जियातल्या एका स्त्रीच्या कवटीच्या देखणेपणावर भाळून ते रूढ केले. थिंड यांनी आर्यत्वाचा दाखला देताना आपण खालच्या मानलेल्या लोकांपासून किती वेगळे आहोत हेही मांडले होते. अन्याय त्यांच्यावर झाला हे खरे, पण त्यांनी हाती घेतलेला शब्दही निर्मळ नव्हता. अमेरिकेच्या जनगणनेत 1920 ते 1940 'हिंदू' हा वंशाचा रकाना होता. थिंड शीख होते. मुसलमान आला तरी त्याची जागा तीच. एकाहून अधिक रकान्यांत खूण करण्याची मुभा मिळाली 2000 साली. गोल्फपटू टायगर वूड्स यांनी त्याआधी, 1997 मध्ये, आपल्यासाठी 'कॅब्लिनेशियन' असा जोडशब्द सांगितला: कॉकेशियन, ब्लॅक, इंडियन (अमेरिकेचे आदिवासी या अर्थी) आणि एशियन, चौघांचे तुकडे घेऊन. त्यावर अनेकांनी त्यांना आपली काळी ओळख नाकारल्याचा दोष दिला. वूड्स यांनी अनेक सांगितले म्हणून दोष, हॅरिस यांनी दोन सांगितले म्हणून शंका.

या सगळ्या शंकांच्या मुळाशी एक अरबी शब्द आहे असे मला वाटते: 'अस्ल', म्हणजे मूळ, झाडाचे मूळ. त्यावरून आपला 'अस्सल'. कचेरीतल्या जुन्या कागदावर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असतो, म्हणजे मुळाबरहुकूम उतरवलेली प्रत. आणि त्याच अस्सलला फारसी 'कम' जोडला की 'कमअस्सल', नाण्यालाही लागणारा आणि माणसाच्या जन्मालाही लागणारा. ट्रम्प यांनी 2011 मध्ये बराक ओबामांकडे जन्माचा पूर्ण दाखला मागितला तेव्हा मागणी कागदाची होती, रोख कमअस्सलपणाचा होता. 27 एप्रिल 2011 रोजी व्हाइट हाउसने होनोलुलूचा तो दाखला प्रसिद्ध केला, आणि तरी शंका संपली नाही. आपल्याकडे जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी असते, पण ती तुलना इथे लावू नये. तिथे कायद्याने दिलेल्या हक्काचा प्रश्न असतो, तपासणाऱ्यावर पुराव्याचे आणि सुनावणीचे बंधन असते. प्रसिद्ध माणसाच्या तोंडून निघालेल्या शंकेवर असे कोणतेच बंधन नसते, आणि ती पोचते मात्र कोट्यवधींपर्यंत. म्हणून मी तिला निव्वळ कुतूहल मानायला तयार नाही.

आता मुख्य शब्द, 'जात'. हा मराठीत एक नसून दोन आहेत.

पहिला उघड आहे. संस्कृत जन् धातू, त्याचे जात आणि जाति. लॅटिन 'नातुस' (जन्मलेला) हा या 'जात'चा सहोदर, आणि त्यावरून 'नेशन'. बंगालीत जाति म्हणजे राष्ट्र असा अर्थ सहज होतो तो काही अपघात नव्हे. 'जात्याच हुशार' मधला जात्या ही संस्कृत तृतीयाच, जन्मतः.

दुसरा पाहण्यासाठी ही दोन वाक्ये शेजारी ठेवा: 'ते जातीने कोष्टी', आणि 'कलेक्टरसाहेब जातीने आले'. रूप तेच, विभक्ती तीच. पहिल्यात जन्म आहे, दुसऱ्यात जन्माचा मागमूस नाही. साहेब स्वतः आले एवढेच. हा दुसरा जात अरबी 'ज़ात' होय: सत्त्व, स्वत्व, स्वतःचे असणे. अरबी तत्त्वज्ञांनी वस्तूच्या साराला हाच शब्द योजला. फारसीमार्फत तो दरबारात आला. मोगलांच्या मनसबीत 'ज़ात' आणि 'सवार' असे दोन आकडे असत. ज़ात हा त्या सरदाराचा स्वतःचा दर्जा, सवार हा त्याने बाळगायच्या घोडेस्वारांचा. दरबारातून तो कोर्टात शिरला. 'जातमुचलक्यावर सुटका' ही बातमी आपण रोज वाचतो. मुचलका तुर्की-मंगोल वळणाचा दिसतो, आणि जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः, स्वतःच्या नावावर लिहून दिलेली हमी. त्याच्या जातीशी, पहिल्या अर्थाने, तिचा काडीचा संबंध नाही. वार्ताहर 'वैयक्तिक जातमुचलका' लिहितात ती द्विरुक्ती आहे, पण तिच्यावरून दिसते की जात म्हणजे स्वतः हा अर्थ आता अंधुक होत चालला आहे.

हे दोन शब्द मराठीत इतके एकजीव का झाले? उर्दूत ज आणि ज़ यांमुळे ते वेगळे राहतात. मराठीत जन्मवाचक जातचा ज आपण 'जाळे', 'जागा' यांतल्या दंततालव्य ज सारखा उच्चारतो, आणि परभाषेतला ज़ही त्याच जागी येऊन बसतो. कानाला फरकच उरला नाही. गंमत अशी की ज़ ऐकू आला म्हणजे शब्द परका असेही नाही. शहाजादा, पीरजादे यांतला 'ज़ादा' म्हणजे जन्मलेला, आणि तो आपल्या जातचा खरा रक्ताचा भाऊ, कारण इराणी शाखेत जन् चा ज असाच ज़ होतो. ज़ात मात्र त्या घरात बाहेरून आलेली. तसाच 'खुद्द': फारसी 'खुद' आणि संस्कृत 'स्वतः' एकाच मुळाचे मानतात. 'खुद्द जातीने हजर राहिले' असे लिहिणारा एक इराणी आणि एक अरबी शब्द जोडून संस्कृत 'स्वतः'चाच अर्थ सांगत असतो.

तेव्हा 'तुझी जात कोणती' हा प्रश्न मराठीत नकळत दोन प्रश्न विचारतो: तू कोणाच्या पोटी जन्मलास, आणि तू स्वतः कोण. पहिल्याचे उत्तर शेजारीपाजारी, दाखले, जनगणना देऊ शकतील. दुसऱ्याचे उत्तर जातीनेच द्यावे लागते, त्याला मुखत्यार चालत नाही. शिकागोच्या व्यासपीठावर पहिल्या प्रश्नाची माहिती उघड उपलब्ध असताना ती बाजूला सारली गेली, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भलत्यानेच देऊन टाकले. माझा आक्षेप या दोन्हींवर आहे.

उरले ते क्रियापद. 'एकाएकी कृष्णवर्णीय झाल्या.' मराठी 'झाला' कुठून आला? होणे आणि झाला यांचे मूळ एक नाही. होणे 'भू'कडून आले. झाला आला संस्कृत 'जात' कडून. जात > प्राकृत जाअ, त्याला भूतकाळी ल लागून 'जाला'. जुन्या मराठीत हेच रूप आहे, पेशवाईतल्या कागदांत 'जाहला' भेटते, आणि त्या ह-काराने पुढे सरकून आजचा 'झाला' घडवला असावा. म्हणजे झाला म्हणजे मुळात जन्मला. 'मुलगी झाली' या वाक्यात तो आदिम अर्थ आजही जसाच्या तसा आहे. 'मुलगी वकील झाली' यात तो बदलून घडण्याचा झाला आहे. जन्मणे आणि बनणे यांसाठी मराठीने एकच रूप राखले. 20 ऑक्टोबर 1964 रोजी ओकलंडला श्यामलाबाईंना मुलगी झाली. ती त्या दिवशी तमिळ आईची झाली, जमैकन बापाची झाली, आणि अमेरिकेच्या दृष्टीने कृष्णवर्णीयही त्याच दिवशी झाली.

वाचकांना एक विनंती. हॅरिस यांच्या आजोबांचे गाव तुळसेंद्रपुरम हे कावेरीच्या खोऱ्यात, जुन्या तंजावर मुलखात आहे. तंजावरला 1855 पर्यंत मराठ्यांची गादी होती आणि दफ्तर मोडीत लिहिले जाई. स्वत्ववाचक 'जात' त्या दक्षिणी मराठीत कितपत रुळला होता, 'जातीने' आणि 'जातीनिशी' यांखेरीज त्याची आणखी रूपे तिथे किंवा गोव्याकडच्या बोलीत आहेत का, हे तपासायला हवे. तंजावरचे मोडी कागद ज्यांच्या वाचनात असतील, किंवा ज्यांच्या घरी ती मराठी अजून बोलली जाते, त्यांनी असे प्रयोग आढळल्यास पूर्ण वाक्य, शक्य तर कागदाच्या तारखेसह, अवश्य कळवावे.